मिरजेची हवा

पलीकडून फोन उचलला गेला आणि अप्पांनी इंग्रजीतून ओरडायला सुरुवात केली.

“हॅलो! हॅलो! धिस इज इंडिया! व्हेअर इज शुभदा? शु-भ-दा!”

बूथच्या काचेबाहेर मी आणि कुमुद उभे होतो. अप्पा म्हणजे कुमुदचे थोरले भाऊ, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. आत ते बोलले की गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायचं. त्यांच्या कपाळावरची फुगलेली शीर मला काचेतून दिसत होती. मग ते एकदम थांबले, रिसीव्हरकडे बघत राहिले आणि दार ढकलून बाहेर आले.

“ठेवला,” ते म्हणाले. “बाई होती कोणीतरी. फाडफाड काहीतरी बोलली आणि ठेवून दिला. इंग्रजीचा गंध नाही. काय माणसं आहेत!”

“घाबरली असेल ती,” कुमुद म्हणाली. “तू भांडायला उठल्यासारखा बोलत होतास, अप्पा.”

“मग काय गाणं म्हणू? पोरीचा पत्ता नाही, आणि मी हळू बोलू?”

पदराचं टोक कुमुद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

सकाळच्या बातम्यांत आकाशवाणीनं जपानमधल्या भूकंपाचं सांगितलं होतं. ज्या किनाऱ्याचं नाव घेतलं, त्याच किनाऱ्यावर बंदराच्या एका लहान गावात आमची एकुलती मुलगी राहत होती. समुद्र आत आल्याचंही निवेदक म्हणाला, आणि त्याच आवाजात पुढची बातमी वाचू लागला. जावई, श्रीरंगराव, जहाजबांधणीच्या कारखान्यात इंजिनिअर. नव्या जहाजाच्या चाचणीसाठी ते त्या आठवड्यात समुद्रावर गेले होते, हे शुभदाच्या मागच्याच पत्रात होतं. म्हणजे ती एकटी होती. आमच्याजवळ नंबर एकच होता. तिच्या घरमालकीणबाईंचा, मोरिता आजींचा. खालच्या मजल्यावर आजी राहायच्या, वर शुभदा.

सकाळपासून आम्ही बशीरभाईंच्या दुकानात होतो. बशीरभाई सतारी आणि तंबोरे बनवायचे. दुकानाच्या पुढच्या भागात त्यांनी फोनचा बूथ काढला होता. वर तंबोऱ्यांचे भोपळे टांगलेले आणि खाली फोन. लाइन लागत नव्हती. ‘या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ हे वाक्य फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई इतक्यांदा म्हणाली होती की बशीरभाई तिला मधूनच “माहीत हाय गं बये” म्हणायचे. दुपार होत आली तेव्हा एकदाची लाइन लागली, आणि ती अशी गेली.

“घर तरी उभं आहे,” मी म्हणालो. “फोन वाजला, बाईंनी उचलला, म्हणजे...”

“घराचं काय करायचंय, रामभाऊ?” अप्पा म्हणाले. “पोर घरात आहे का? असती तर तिनंच उचलला नसता?”

शुभदा सकाळी लहान मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जायची. शाळा बंदराला लागून होती. समुद्र खिडकीतून दिसतो, असं तिनं कौतुकानं लिहिलं होतं. ते पत्र घरी आल्यावर मीच मोठ्यानं वाचलं होतं.

कुमुद माझ्याकडे वळली. “अहो, तुम्ही बोला.”

“मी?”

“तुम्हाला येतं ना ते.”

अप्पा हसले. हसण्याची वेळ नव्हती, पण ते हसले. “हा, आपले जपानचे राजदूत! किती पडले हो मागच्या महिन्यात? सत्तेचाळीस?”

“एकोणपन्नास,” मी म्हणालो. अशा वेळी माणूस काय बोलतो!

हे मार्कांचं प्रकरण सांगायला हवं. मी नगर वाचनालयात ग्रंथपाल होतो. आयुष्यभर पुस्तकांच्या मागे उभा राहिलो. वाचक समोर आला की पुस्तक पुढे करायचं आणि मान खाली घालायची. मराठीतसुद्धा मी फारसा बोलत नसे. शुभदा लग्न होऊन जपानला गेली, त्याच सुमारास माझी निवृत्ती झाली. वाचनालयाला कोणीतरी दिलेल्या पेट्यांमध्ये स्वतः जपानी शिकण्याचं एक पुस्तक निघालं. ते कोणी नेईना, म्हणून मी नेलं. बोलायचा विचारच नव्हता. मुलगी राहते त्या गावातल्या पाट्या आपल्याला वाचता याव्यात, एवढंच मनात होतं.

पण आपण शिकतो आहोत की नुसतीच पानं उलटतो आहोत, हे कळणार कसं? शिकवणारा नाही, बरोबरचा विद्यार्थी नाही. मिरजेत त्या वेळी जपानी येणारं दुसरं कोणी असेल असं मला वाटत नाही. तेव्हा मी एक रीत पाडली. एक कॅसेट घेतली. दर महिन्याला त्याच कॅसेटवर, आधीच्या महिन्याच्या पुढे, पुस्तकातला पहिलाच धडा वाचायचा. दर वेळी तोच. मेजावर पुस्तक आहे, पुस्तकावर पेन आहे, खुर्चीखाली मांजर आहे. धडा बदलला तर आवाजात काय फरक पडला ते कळणार नाही. बशीरभाईसुद्धा तंबोरा लावताना दर वेळी तोच सूर छेडून बघतात, तसं. आणि नुसता धडा वाचायला मला ओशाळल्यासारखं व्हायचं, म्हणून आधी गावाचं नाव आणि त्या दिवशीची हवा सांगायचो. ‘कोचिरा वा मिराजि देसु’, म्हणजे ही मिरज. मग ऊन आहे की ढग, वारा आहे की नाही. मग मांजर.

ती कॅसेट मी शुभदाकडे पाठवायचो. ती परत यायची तेव्हा शेवटी शुभदाचा आवाज असायचा. “नाना, मोरिता आजींनी ऐकलं. या वेळी शंभरपैकी एवढे.” कधी पंचेचाळीस, कधी सत्तेचाळीस, एकदा मध्येच त्रेचाळीस. मी ते आकडे मनात मांडायचो आणि वर जातोय की खाली ते बघायचो. आजींचा स्वतःचा आवाज कॅसेटवर कधीच नसे. “आजी लाजतात,” शुभदा म्हणायची. कुमुद म्हणायची, “लाजणारा माणूस जगात एकच असतो असं मला वाटलं होतं.” माझ्या मनात मात्र वेगळाच किडा होता. आजी ऐकतच नसाव्यात. मार्क शुभदाच देत असावी, बापाचं मन राखायला. पण तसं असतं तर तिनं जास्त दिले नसते का? या विचाराशी येऊन मी थांबायचो.

“लावू का परत, काका?” बशीरभाई म्हणाले.

“लाव,” कुमुदच म्हणाली.

पुन्हा तीच बाई, तेच वाक्य. बशीरभाई नंबर फिरवत राहिले. बोट दुखलं की हात बदलायचे. अप्पा दुकानाच्या पायरीवर बसून मला बजावत होते. “हे बघा, रामभाऊ, आधी नाव सांगा. मग सरळ विचारा, शुभदा कुठे आहे? एवढं येतं ना?”

“येतं.”

“म्हणून दाखवा.”

मी म्हणून दाखवलं. अप्पांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्यांनी मान डोलावली. “ठीक. हेच. इकडचं तिकडचं काही नको.”

मी ते वाक्य घोटत राहिलो. शुभदा कुठे आहे? शुभदा कुठे आहे? घोटता घोटता ते तोंडात कोरडं पडलं. मला पुढचंच दिसायला लागलं होतं. समजा मी विचारलं आणि बाईंनी सांगितलं, तर ते मला कळेल का? पुस्तकातला प्रश्न पुस्तकातल्यासारखाच असतो, उत्तर मात्र जिवंत माणसाचं येतं. आणि नको ते उत्तर आलं तर ते मी या दोघांना सांगायचं. माझ्या तोंडून.

“लागला!” बशीरभाई ओरडले. “काका, या! घंटी वाजतीय!”

मी आत गेलो. रिसीव्हर गरम होता. मी पाठ बाहेरच्यांकडे केली. काचेवर समोर लाल आकड्यांचा मीटर धावत होता. बशीरभाईंनी आत हात घालून खांद्यावरचा टॉवेल त्याच्यावर टाकला आणि दार लावून घेतलं.

“मोशी मोशी!”

त्यांच्याकडचं ‘हॅलो’. बाईंचा आवाज. धापा टाकणारा. त्यामागे कसला तरी भोंगा वाजत होता.

मी तोंड उघडलं. वाक्य नव्हतं. तासभर घोटलेलं ते वाक्य कुठेच नव्हतं.

“मोशी मोशी? मोशी मोशी!”

मग त्या काहीतरी बोलल्या. पाण्याच्या लोंढ्यासारखं आलं आणि गेलं. मला एक शब्दही धरता आला नाही. वाक्याच्या शेवटी आवाज वर गेला, म्हणजे प्रश्न होता, एवढंच कळलं. मागे अप्पा काचेवर बोटांनी टकटक करत होते. “विचारा! विचारा ना!” बाईंचा श्वास रिसीव्हरपासून दूर जातोय हे मला ऐकू आलं. त्या ठेवणार होत्या.

आणि मी डोळे मिटून, कॅसेटसमोर बसतो तसा, म्हणालो, “कोचिरा वा मिराजि देसु. क्योओ वा हारे देसु. काझे वा आरिमासेन.”

ही मिरज आहे. आज ऊन आहे. वारा नाही.

पलीकडे काहीच नाही. फक्त तो भोंगा. मुलगी कुठे आहे ते विचारायचं सोडून मी जपानमधल्या एका बाईला मिरजेची हवा सांगितली होती, आणि आता काय करावं ते मला कळत नव्हतं.

“आआ,” बाई म्हणाल्या. लांब, हळू. मग म्हणाल्या, “शुबादा-सान नो ओतोओसान.” शुभदाचे वडील.

त्यांनी मला विचारलं नाही. त्यांनी ओळखलं होतं.

मग त्यांनी श्वास आवरला. आणि जेव्हा बोलल्या तेव्हा एकेक शब्द वेगळा ठेवून, आमच्या पुस्तकातला पहिला धडा वाचावा तसं बोलल्या. कोचिरा वा, म्हणाल्या. इथे. इथे भूकंप झाला. इथे वारा आहे. शुभदा-सान जिवंत आहे.

मी काचेला हात टेकला.

“इकिते इमासु,” मी म्हणालो. जिवंत आहे. दर वाक्य वाचलं की मोठ्यानं म्हणायचं, ही माझी घरची सवय होती.

“हाइ,” बाई म्हणाल्या. हो. “इकिते इमासु.”

मग पुढचं वाक्य. शुभदा डोंगरावर आहे. यामा नो उए. मेजावर पुस्तक आहे, तसंच डोंगरावर शुभदा आहे. मी म्हणालो. त्या ‘हाइ’ म्हणाल्या. डोंगरावरच्या देवळात आहे. मुलं आहेत, मुलांबरोबर आहे. मी म्हणालो. हाइ. हाताला लागलं आहे. मी म्हणालो, आणि घाईत स्वतःहून जोडलं, उजव्या हाताला. का जोडलं देव जाणे.

“इइए,” बाई ठामपणे म्हणाल्या. नाही. “हिदारि.” डाव्या.

“हिदारि.”

“हाइ.”

मग शेवटचं. मी पाहिलं, त्या म्हणाल्या. स्वतःच्या डोळ्यांनी, मी पाहिलं. आणि ते मी म्हणायच्या आत लाइन तुटली.

दार उघडून मी बाहेर आलो तेव्हा कुमुद भिंतीला टेकून उभी होती. वरचा एक भोपळा तिच्या डोक्याला लागून हलत होता. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

“आहे,” मी म्हणालो. “डोंगरावर देवळात आहे. शाळेतली मुलं बरोबर आहेत. डाव्या हाताला लागलंय. बाईंनी स्वतः पाहिलं.”

कुमुद खाली बसली. बशीरभाईंनी “या अल्ला” म्हणून तोंडावरून हात फिरवला आणि पाणी आणायला आत गेले.

अप्पा मात्र तसेच उभे होते. जरा वेळानं हळू आवाजात म्हणाले, आणि अप्पांचा हळू आवाज मी त्या दिवशीच ऐकला, “रामभाऊ, राग मानू नका. पण नक्की ना? म्हणजे... अर्धंच कळतं तुम्हाला. ती बाईच म्हणते ना, शंभरातले एकोणपन्नास. यातलं कुठलं अर्धं?”

तोच प्रश्न मी दाराबाहेर पाऊल टाकलं तेव्हापासून माझ्या आत होता. भोंगा वाजत होता, लाइन खरखरत होती. मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं नसेल कशावरून? त्या म्हणत गेल्या आणि मी म्हणत गेलो. पोपट म्हणतो म्हणजे त्याला कळतं का? आणि आता हे कुमुदला सांगून बसलो. उद्या खोटं ठरलं तर?

“परत लावूया,” मी म्हणालो. “खात्री करूया.”

बशीरभाईंनी लावून बघितलं. मग पुन्हा. आता ती व्यस्त लाइनवाली बाईसुद्धा येईना. नुसती शांतता.

कुमुद उठली. तिनं पाण्याचा तांब्या बशीरभाईंना परत दिला आणि पदर खोचला.

“चला घरी,” ती म्हणाली. “सकाळपासून कुणी जेवलेलं नाही. अप्पा, तूही चल. मी भात टाकते.”

“अगं पण...”

“डाव्या हाताला म्हणाले ना ते?” ती अप्पांना म्हणाली. “खोटंच ऐकायचं असतं तर हात कशाला ऐकला असता? काहीच लागलं नाही असं ऐकलं असतं.”

आम्ही तिच्या मागून घरी गेलो आणि तिनं वाढलेलं जेवलो. ती स्वतः व्यवस्थित जेवली. मला मात्र घास उतरत नव्हता. संध्याकाळभर मी पुस्तक उघडून बसलो होतो. डोंगर, देऊळ, डावा, उजवा. एकेक शब्द काढून बघत होतो, आणि जितका बघावा तितका तो अनोळखी वाटत होता. कुमुद दोनदा येऊन दिवा लावायला सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बशीरभाई अनवाणी धावत आले. श्रीरंगरावांनी बंदरावरून बूथवर फोन केला होता. ते जहाजावरून उतरले होते. शुभदा त्यांना भेटली होती. डोंगरावरच्या देवळात. डाव्या मनगटाला प्लास्टर.

“डावं!” अप्पांनी मला हलवलंच. “डावं हो, रामभाऊ!”

कुमुद देवापुढे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आदल्या दिवशी नीट जेवलेली ती बाई आत रडत होती, ते आम्ही दोघांनी ऐकलं.

शुभदा दोन महिन्यांनी घरी आली. हात बरा होता, जरासा वाकायचा नाही इतकंच. त्या दिवसाचं ती थोडं थोडं सांगायची, जेवताना, भाजी निवडताना. शाळेतली शेवटची मुलं डोंगरावर चढवली तेव्हा ती पडली. मोरिता आजी वर येऊन तिला बघून गेल्या आणि पोरांसाठी पांघरुणं आणायला घरी परतल्या.

“तेव्हाच तुमचा फोन आला, नाना. आजी म्हणाल्या, आधी कुणीतरी एक माणूस ओरडत होता, म्हणून त्यांनी ठेवला.”

“तो मी,” अप्पा म्हणाले. ते त्या वेळी आमच्याकडेच चहाला होते.

“आणि दुसरा वाजला तर पलीकडे कोणी बोलेचना. त्या ठेवणार, तेवढ्यात तुम्ही हवा सांगायला लागलात.”

मी विचारू नये असं ठरवलं होतं, पण विचारलं. “म्हणजे आजी खरंच ऐकायच्या? कॅसेट?”

“म्हणजे काय? कॅसेट आली की स्वयंपाकघरात लावायच्या. पुन्हा पुन्हा. मला ती परत पाठवू द्यायच्याच नाहीत.”

“आणि मार्क?”

शुभदानं चहाचा कप खाली ठेवला. आईकडे बघितलं. कुमुद कपबशा उचलायला लागली.

“मार्क मी द्यायचे, नाना.”

“बघा!” अप्पा म्हणाले.

“पहिल्यांदा मी आजींना विचारलं होतं, किती द्यायचे म्हणून. त्या माझ्यावरच रागावल्या. म्हणाल्या, इतक्या लांबून एक माणूस आपल्या गावची हवा सांगतोय. त्याला कुणी मार्क देतं का? मोरिता आजोबा गेल्यापासून त्यांना हवा कशी आहे हे सांगणारं कोणी नव्हतं म्हणे.”

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

“मग पन्नासच्या आसपासच का दिलेस?” अप्पांनी विचारलं. “बापाला जरा वर न्यायचं होतंस!”

“ऐंशी दिले असते तर नानांनी विश्वास ठेवला असता, मामा? आणि तीस दिले असते तर पुस्तक परत पेटीत गेलं असतं.”

अप्पा मोठ्यानं हसले. कुमुदही हसली. मी हसलो की नाही ते आठवत नाही.

शुभदा परत गेली तेव्हा कॅसेट तिच्याबरोबर दिली. त्या वेळी मी धडा वाचला नव्हता. मेज नाही, मांजर नाही. ही मिरज, आज ढग आहेत, थोडा वारा आहे, एवढंच बोलून बटण बंद केलं होतं.

कॅसेट परत आली ती उन्हाळ्यात. मी नेहमीच्या सवयीनं शेवटापर्यंत पुढे नेली आणि कान लावला. शुभदाचा आवाज नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी घसा साफ केला आणि मग एकेक शब्द वेगळा ठेवून दोन वाक्यं आली. त्यानंतर नुसतीच टेप फिरत राहिली.

कुमुद दारात उभी राहून ऐकत होती.

“या वेळी किती?” तिनं विचारलं.

“मार्क नाहीत,” मी म्हणालो. “तिकडे आज ऊन आहे म्हणतात. वारा नाही.”

“नक्की ना?”

“नक्की,” मी म्हणालो.